बावीस माणसांचे दोन हात

वहिनींच्या हाताखालून गेलेला माणूस, मग तो कितीही वर्षांपूर्वी वारलेला असो, टवटवीत होऊन भिंतीवर जायचा. लोक त्यांच्याकडे नखाएवढे फोटो घेऊन यायचे. कुणाच्या हातात वडिलांचं जुनं ओळखपत्र, त्यावर नेमका कपाळावरच कचेरीचा शिक्का. कुणाकडे कुठल्यातरी लग्नातला घोळका आणि त्यात मागच्या रांगेत, दुसऱ्याच्या खांद्याआडून डोकावणारा अर्धा मामा. फोटो टेबलावर ठेवून लोक निर्धास्तपणे म्हणायचे, "वहिनी, यातून आमचे वडील काढून द्या." जणू विहिरीतून बादलीच काढायची आहे.

आणि वहिनी काढून द्यायच्या. काही दिवसांनी तेच वडील कोट घालून, खुर्चीत बसून, मागे पुस्तकांचं कपाट नाहीतर नुसता राखाडी पडदा, असे मोठ्या फ्रेममधून घरी परत जायचे. मुलं म्हणायची, "हुबेहूब!" सुना म्हणायच्या, "आत्ता बोलतील असं वाटतं," आणि जरा लांब सरकायच्या.

'वहिनी' हे नाव म्हणजे त्यांच्या नणंदेचं देणं. नणंद राहायची पलीकडच्या गल्लीत, पण तिचा आवाज तीन गल्ल्यांत राहायचा. तिनं 'वहिनी, वहिनी' असा जो पुकारा लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू केला, तो ऐकून दूधवाला, इस्त्रीवाला, शेजारीपाजारी आणि गिऱ्हाइकं सगळे तेच म्हणायला लागले. एकदा तर सासरेही चुकून म्हणाले होते.

तरुणपणी वहिनी एका स्टुडिओत कामाला होत्या. निगेटिव्हवरचे मुरूम आणि सुरकुत्या बारीक ब्रशनं घालवायच्या, हे काम. मग मालकानं कॉम्प्युटर आणला. आणला आणि घाबरला. त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण घातलं, आवरणावर फुलदाणी ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "आपल्याकडेही आहे." एका रिकाम्या दुपारी वहिनींनी ती फुलदाणी उचलून बाजूला ठेवली. संध्याकाळपर्यंत त्यांनी मालकाचं डोकं मालकिणीच्या धडावर आणि मालकिणीचं मालकाच्या धडावर बसवून दाखवलं. मालकानं आधी कपाळावर हात मारून घेतला आणि मग पगार वाढवला. पुढे स्टुडिओ बंद पडला तेव्हा तो कॉम्प्युटर वहिनींच्या घरी आला आणि पुढच्या खोलीत ठाण मांडून बसला.

ती खोली कामाला मोठी सोयीची होती. खिडकीसमोर शेजाऱ्यांची पांढरी भिंत होती, तिच्यावर आपटून आत येणारा उजेड मऊ पडायचा. एका भिंतीवर राखाडी चादर ताणलेली, तिच्यापुढे हाताची खुर्ची, आणि खुंटीवर एक कोट. वहिनींचा नियम एकच होता: चेहऱ्याला हात लावायचा नाही. शिक्का पुसायचा, चिरा बुजवायच्या, पण नाक असेल तसं. कुणी म्हणालंच की जरा सरळ करा, तर त्या म्हणायच्या, "वडिलांचं नाक मी सरळ केलं, तर तुमचं कुणाचं म्हणायचं?" त्यावर सहसा कुणी वाद घालत नसे.

चेहऱ्याच्या खाली मात्र सगळं त्यांनाच उभं करावं लागायचं. सुरुवात व्हायची नाकाखालच्या सावलीपासून. सावली डावीकडे पडली असेल तर उजेड उजवीकडून आलेला. मग धडावरही तो उजवीकडूनच यायला हवा. नाहीतर डोकं सकाळी बसलंय आणि पोट संध्याकाळी, असं दिसतं. सगळ्यात अवघड मान. "मान जमली की माणूस जमला," असं त्या म्हणायच्या आणि एकेका मानेपायी दोन-दोन दिवस घालवायच्या.

पण मानेखालचं धड आणायचं कुठून? तर ते घरातच होतं.

वहिनींचे यजमान बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत नोकरीला होते. आख्खं गाव त्यांना 'खिडकीसाहेब' म्हणून ओळखायचं. म्हणजे चेहऱ्यानं ओळखायचं. कारण खिडकी होती जेमतेम मुंडक्याएवढी, आणि गळ्याखाली खिडकीसाहेब कसे आहेत हे विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या महिन्यात डबे क्रमानं लावायचे म्हणून त्या बदलल्या. वहिनींनी भाजीत हळद समजून सुंठ घातली, त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं.

"अहो, इथं बसा."

"आणि काय करू?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"ते मला येतं," खिडकीसाहेब म्हणाले, आणि खरोखरच आलं. उभा जन्म खुर्चीत काढलेला माणूस. एकदा बसले की खांदा हलायचा नाही, गुडघा डुगडुगायचा नाही, श्वास कुठं जातो-येतो कळायचं नाही. एक हात मांडीवर, त्यावर दुसरा हात. हातावर हात ठेवून बसणं ही लोकांनी नावं ठेवायची गोष्ट, पण खिडकीसाहेबांनी त्याचं नाव काढलं.

मग रोज सकाळी चहा झाला की ते कोट चढवून विचारायचे, "आज कोण?"

"मुख्याध्यापक."

"मग जरा ताठ बसतो."

"आज तेलाचे व्यापारी."

"मग पोट सोडतो."

त्यांच्या डोक्यात नाना कल्पना यायच्या. डॉक्टर असेल तर बोटांची टोकं जुळवावीत, वकील असेल तर एक बोट पुस्तकात खुपसावं. वहिनी त्यांना हात हलवू देत नसत. कोटाचा रंग त्या कॉम्प्युटरवर बदलायच्या, कधी काळा, कधी निळा, बटणंही बदलायच्या. पोट कमीजास्त करायच्या. हात मात्र तेच राहायचे. खिडकीसाहेबांच्या उजव्या हाताची करंगळी शेवटच्या पेराशी जरा बाहेर वळलेली होती. सुरुवातीला वहिनींनी ती सरळ करून पाहिली. पण सरळ केली की हात पुतळ्याचा वाटायचा, वाकडी ठेवली की माणसाचा. त्यांनी ती वाकडीच राहू दिली. गिऱ्हाईक फ्रेमकडे बघून डोळे पुसत म्हणायचं, "हात बघा! अगदी बाबांचेच!" वहिनी मान खाली घालून पावती फाडायच्या. खोटं त्या कधी बोलल्या नाहीत. कुणी विचारलंच नाही.

यात एक गंमत अशी झाली की घरात खिडकीसाहेबांचे शेकड्यांनी फोटो साठले आणि त्यांतल्या एकातही त्यांचं डोकं नव्हतं. पेन्शनच्या कचेरीत नवीन फोटो मागितला तेव्हा दोघांनी मिळून सगळा कॉम्प्युटर पालथा घातला. शेवटी खिडकीसाहेब कोपऱ्यावरच्या दुसऱ्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून आले. त्या फोटोवाल्यानं विचारलंच, "का हो, वहिनी घरी नाहीत का?" ते ऐकून वहिनींनी जेवताना भात जरा आपटूनच वाढला.

अशी बरीच वर्षं गेली. गावातली एकेक भिंत भरत गेली. प्रत्येक घरात एकच फ्रेम, आपापल्या खिळ्यावर, आपापल्या माणसांच्या समोर. कुणाला कसला संशय यायचं कारण नव्हतं.

मग वाचनालयाचं नवं सभागृह बांधून झालं.

वाचनालयाचे चिटणीस हे सुतळी आणि पाणसळ घेऊन फिरणारे गृहस्थ होते. त्यांनी ठरवलं की आजवरचे सगळे दिवंगत अध्यक्ष आणि देणगीदार सभागृहाच्या लांबच्या लांब भिंतीवर एका ओळीत लावायचे. घरोघर निरोप गेले. घरोघरच्या फ्रेमा उतरल्या, पुसल्या आणि वाचनालयात आल्या. एकूण बावीस. बावीसच्या बावीस वहिनींच्या. मग चिटणिसांच्या मनात आलं, उद्घाटनाला या बाईंचाच सत्कार का करू नये? निमंत्रण घेऊन ते स्वतः घरी आले.

वहिनींना गहिवरून आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या माना जुळवल्या, आता आपल्याला मान मिळणार, असं त्या नणंदेला म्हणाल्यासुद्धा. नणंद म्हणाली, "मी पुढच्या रांगेत बसणार," आणि ती बातमी तिच्या पद्धतीनं तीन गल्ल्यांत पोचली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चिटणिसांनी त्यांना मांडणी बघायला बोलावलं. वहिनी चपला काढून सभागृहात शिरल्या आणि त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

त्यांचा नवरा बावीस वेळा बसला होता.

वर डोकी वेगळी होती: टक्कल, भांग, चष्मा, मिशा. खाली मात्र तोच खांदा, तेच मनगट, तोच हातावर हात, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाहेर वळलेली एकच एक करंगळी. चिटणिसांनी फ्रेमा सुतळी धरून अशा काही लावल्या होत्या की सगळे हात एका रेषेत आले होते.

"बघा," चिटणीस अभिमानानं म्हणाले, "कुठंही सुताएवढाही फरक नाही. तुमच्या कामात शिस्त आहे हो, वहिनी. सगळे कसे एकसारखे!"

"जरा जास्तच," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणते, एका ओळीत कशाला? दोन इकडे, तीन तिकडे, एखादा कपाटामागे..."

"अध्यक्षांना कपाटामागे?"

"मग खाली कुंड्या ठेवू या. मोठ्या पानांच्या. शोभा येते."

चिटणिसांना शोभा आवडायची. वहिनींनी दुपारभर शेजारपाजारच्या घरांतून कुंड्या गोळा केल्या, हातगाडीवर घातल्या आणि वाचनालयात नेल्या. एकेक कुंडी स्टुलावर ठेवून त्यांनी सगळ्यांचे हात पानांनी झाकले. मग जरा लांब जाऊन पाहिलं. बावीस थोर माणसं झुडपात लपून बसली आहेत आणि 'भो' करणार आहेत असं दिसत होतं. चिटणीस आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "वाचनालय आहे, रोपवाटिका नाही." कुंड्या सभागृहाबाहेर पायऱ्यांवर गेल्या.

रात्री वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, उद्या तुम्ही नाही आलात तर चालेल."

खिडकीसाहेब ताटावरून वर बघून म्हणाले, "माझे बावीस फोटो लागलेत, आणि मी येऊ नको?"

"म्हणूनच येऊ नका."

"मी मागे बसेन."

ते मागे बसणार होते, खरं आहे. पण सत्कारमूर्तीचे यजमान म्हणून चिटणिसांनीच त्यांना हाताला धरून पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. आणि ते आले होते तो कोट घालून. दुसरा कोट त्यांच्याकडे होता कुठं? आणि खुर्चीत बसल्याबरोबर, सवयीनं, एक हात मांडीवर गेला, त्यावर दुसरा हात गेला. वहिनी व्यासपीठावरून त्यांना डोळ्यांनी खुणावत होत्या. खिडकीसाहेबांना वाटलं, सत्काराच्या आनंदानं डोळे भरून आलेत. तेही मान डोलवत राहिले.

पडदा सरकला. टाळ्या झाल्या. चिटणीस बोलायला उभे राहिले. सगळं ठीक चाललं होतं. लोक आपापल्या वडिलांकडे, आजोबांकडे बघत होते. दुसऱ्याच्या वडिलांकडे कोण बघतो?

नणंद उशिरा आली. खिडकीसाहेबांच्या शेजारी बसली. तिनं पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या फ्रेमपासून बघायला सुरुवात केली. तिसऱ्या फ्रेमशी ती थांबली. परत पहिलीकडे गेली. मग शेवटपर्यंत गेली. मग ती तिच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाली, "दादा?"

चिटणीस बोलायचे थांबले.

"वहिनी!" नणंद उभी राहिली. "अहो वहिनी, हे सगळे आमचे दादा आहेत!"

"बाई," चिटणीस म्हणाले, "हे माजी अध्यक्ष आहेत."

"असतील अध्यक्ष. करंगळी आमची आहे! लहानपणी ही करंगळी मी स्वतः मोडलीय, दाराच्या फटीत. मार खाल्लाय मी तिच्यापायी. मी नाही ओळखणार?"

खिडकीसाहेबांनी हात झटकन कोटाच्या आत घातले. इथंच घोळ झाला. तोवर कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. आता सगळं सभागृह त्यांच्याकडे बघायला लागलं. आधी त्यांच्याकडे, मग भिंतीकडे, मग परत त्यांच्याकडे. गावानं आजवर खिडकीतलं मुंडकं पाहिलं होतं आणि भिंतीवरचं धड पाहिलं होतं. दोन्हींची मान आज पहिल्यांदा जुळली.

मग जो गलका उसळला तो काही विचारू नका. लोक खुर्च्या सरकवून पुढे आले. कुणीतरी खिडकीसाहेबांना हात बाहेर काढायला लावला आणि फ्रेमशेजारी धरायला लावला. पहिला जुळला. दुसरा जुळला. पाचव्या फ्रेमपर्यंत खिडकीसाहेबांना त्यात थोडी मजाही वाटायला लागली होती. एवढ्यात ते वाचनालयाच्या पहिल्या महिला अध्यक्षांच्या फ्रेमपाशी आले. अंगभर शाल घेतलेल्या करारी बाई. शालीतून एक हात बाहेर आलेला. करंगळी बाहेर वळलेली.

"बाईसुद्धा?" कुणीतरी ओरडलं.

"शाल होती म्हणून," खिडकीसाहेब पुटपुटले. त्या बाईंची नात तिथंच उभी होती. तिला आधी रडू येईल असं वाटलं, पण तिनं तोंडावर ओढणी धरली आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. हसू आवरता आवरेना म्हणून ती बाहेर कुंड्यांपाशी जाऊन बसली.

चिटणीस वेगळ्याच काळजीत होते. "नियमाप्रमाणे," ते शेजाऱ्याला म्हणत होते, "एका व्यक्तीला दोनदाच अध्यक्ष होता येतं."

सगळ्यात जास्त भडकले ते कापडवाले. दुकानाचे मालक, अंगानं थोराड, आवाजही तसाच. ते व्यासपीठाच्या पायरीवर चढून वहिनींना म्हणाले, "माझ्या बापाला तुम्ही तुमच्या नवऱ्याचे हात लावलेत? रोज दुकान उघडताना मी या हातांकडे बघतो! गिऱ्हाइकांना दाखवतो! म्हणतो, या हातांनी एवढं उभं केलं! आणि हे हात काय करत होते? गाडी कितीला सुटणार ते सांगत होते!"

वहिनींचे कान तापले होते. स्वागताला मिळालेला गुच्छ कुठं ठेवावा कळत नव्हतं. पण त्या हात वर करून मोकळ्या झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही डोकं आणलं होतंत. हात आणले नव्हतेत. मी काय करायचं?"

"म्हणून कुणाचेही लावायचे?"

"नाही लावायचे. चुकलं माझं. मग आता सांगा, तुमच्या वडिलांचे हात कसे होते? तुम्ही सांगाल तसे करून देते."

"कसे म्हणजे?" कापडवाले गरजले. "चांगले होते! म्हणजे... जाड होते."

"बोटं लांब की आखूड?"

"लांब. नाही... कापड मापताना लांब वाटायची." त्यांनी हवेत कापड मापून दाखवलं आणि मध्येच थांबले. त्यांचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले. "अंगठा असा मागं जायचा," ते जरा हळू म्हणाले. "माझा जातो तसा."

"मग उद्या सकाळी या," वहिनी म्हणाल्या. "चहा झाल्यावर. उजेड तेव्हा बरा असतो."

सत्कार तसाच राहिला. ज्यानं त्यानं आपापली फ्रेम भिंतीवरून उतरवून परत नेली. घरी जाताना वहिनींनी गुच्छ नणंदेला देऊन टाकला. नणंद वाटभर म्हणत होती, "मी काही वाईट हेतूनं बोलले नाही हो. मला आनंद झाला. आमचा दादा एवढा मोठा होईल असं कुणाला वाटलं होतं?"

वहिनींना वाटलं, धंदा बुडाला. आता कुणी दारात उभं राहणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कापडवाले दाढी करून, अत्तर लावून हजर. आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "हात वडिलांचे हवेत ना? मग माझे घ्या. दादा आईवर गेलाय, सगळे म्हणतात." दोघांची तिथंच जुंपली. दोघंही बाह्या सरसावून आपापले हात वहिनींच्या नाकासमोर नाचवू लागले. आता हे खरोखरच दोन हात करतात की काय, असं वाटायला लागलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "उजवा थोरल्याचा घेते, डावा धाकट्याचा. बसा."

पण बसणार कसे? थोरला बसला तर त्याचा गुडघा शिलाई मशीनसारखा चालायचा. धाकट्याला पाच मिनिटांत तीन फोन आले. थोरल्यानं श्वास रोखून धरला आणि लाल झाला. खिडकीसाहेब दारात उभे राहून हे बघत होते. काल रात्री ते फारसे जेवले नव्हते. खुंटीवरचा कोट दुसऱ्याच्या अंगावर बघून त्यांचा चेहरा पार पडला होता. पण कापडवाल्यांनी चौथ्यांदा नाक खाजवलं तेव्हा त्यांना राहवेना.

"तुम्ही बसत नाही आहात," ते पुढे होऊन म्हणाले. "तुम्ही उठायची वाट बघताय. बूड मागे न्या. अजून. खांदे टाका. आता समजा, समोर खिडकी आहे, खिडकीबाहेर रांग आहे, आणि तुम्हाला माहीत आहे की गाडी यायला अजून अवकाश आहे."

"मग?"

"मग काही नाही. गाडी तुमच्या हातात नाही. तुम्ही फक्त बसलाय."

कापडवाले काय समजले देव जाणे, पण त्यांचा गुडघा थांबला. हात मांडीवर सैल पडला, अंगठा मागे गेला. वहिनींनी झटक्यात फोटो काढला.

महिन्याभरात बावीसपैकी एकवीस घरांतली माणसं येऊन बसून गेली. मुलगे आले, पुतणे आले, एका घरातून भाचा आला. महिला अध्यक्षांची नात आली. शाल घेऊन बसली आणि अर्धा तास नुसती हसत राहिली. खिडकीसाहेबांनी तिला तीन वेळा खोलीबाहेर पाठवलं. प्रत्येकाला बसायला तेच शिकवायचे. आता ते कोट घालत नसत. खुर्चीच्या बाजूला उभे राहायचे आणि "खांदे," "हनुवटी नाही, हात," असं तुटक बोलायचे. वहिनी त्यांना एकदा म्हणाल्या, "अहो, जरा गोड बोला, गिऱ्हाईक आहेत." ते म्हणाले, "चौकशीच्या खिडकीत गोड बोललं की रांग वाढते."

कापडवाल्यांच्या वडिलांचा फोटो नव्या हातांनी दुकानात लागला. बारकाईनं बघितलं तर उजवा हात डाव्याहून थोडा जाडसर आहे. त्यांच्या आईला दुकानात आणून दाखवला. म्हातारी काचेजवळ गेली आणि म्हणाली, "कोट कुणाचा?" एवढंच. पण निघताना तिनं काचेवरून त्या अंगठ्यावर बोट टेकवलं, हे दोन्ही भावांनी पाहिलं, आणि त्या दिवसापुरते तरी ते भांडले नाहीत.

एकाच घरातून हात बदलायला कुणी आलं नाही. औषधवाल्या आजींचा नवरा ओळीत आठवा होता. वहिनी स्वतः त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, मुलाला पाठवा, फुकट करून देते. आजी म्हणाल्या, "इतकी वर्षं रोज सकाळी मी हे हात पुसते. आता म्हातारपणी नव्या हातांची ओळख कुठं करून घेऊ? राहू दे तेच. तुझा नवरा तसा सज्जन आहे." तेव्हापासून बाजारात आजी समोरून आल्या की खिडकीसाहेब दोन्ही हात खिशात घालून रस्ता ओलांडायचे.

वहिनींनी दारावर पाटी लावली: 'चेहऱ्याचा फोटो आणि हात सोबत आणावेत.' पाटी वाचून नवखी माणसं दारातच घुटमळायची, पण गावातल्यांना कळायचं. कामं कमी न होता वाढलीच. लोकांना बसायला आवडायला लागलं होतं. काहीजण तर फोटो नसतानाही यायचे आणि खिडकीसाहेबांना विचारायचे, "जरा बसून जाऊ का?"

शेवटी एका दुपारी नणंद आली. नवी साडी, केस विंचरलेले. म्हणाली, "मला माझा फोटो हवा. जिवंतपणी. माझं डोकं, माझे हात. नंतर तुम्ही मला कुणाचे लावाल, भरवसा नाही."

वहिनींनी तिला खुर्चीत बसवलं. उजेड उत्तम होता. खिडकीसाहेबांनी शिकवायला सुरुवात केली. नणंदेचे खांदे खाली आले, हात मांडीवर आले, गुडघे स्थिर झाले. तोंड मात्र चालू होतं. ती चादरीबद्दल बोलली, खुर्चीबद्दल बोलली, लहानपणीच्या त्या दाराबद्दल बोलली, दादानंच कसा मध्ये हात घातला होता ते बोलली.

"अगं, एक मिनिट गप्प बैस," खिडकीसाहेब म्हणाले.

"गप्पच आहे. मी कुठं काय म्हणतेय? मी एवढंच म्हणतेय की..."

वहिनी फोटोवर फोटो काढत गेल्या. संध्याकाळी तिघंही कॉम्प्युटरसमोर बसले. एकूणएक फोटोत नणंदेचं तोंड उघडं होतं. कुठं जास्त, कुठं कमी.

"मिटून द्या ना," नणंद म्हणाली. "तुम्हाला काय अवघड आहे?"

"चेहऱ्याला मी हात लावत नाही," वहिनी म्हणाल्या.

नणंद रुसली. मग तिनं एकेक फोटो परत बघायला सुरुवात केली. एकात ती भावाकडे बघून काहीतरी सांगत होती, तोंड अर्धं उघडं, भुवया वर, एक हात मांडीवरून उठायच्या बेतात. त्यावर ती थांबली. "हा बरा आहे," ती म्हणाली. "यात मी काय सांगत होते हो?"

कुणालाच आठवेना. वहिनींनी तोच मोठा करून दिला. त्यांच्या आजवरच्या कामात हा पहिलाच फोटो, ज्यात मान जोडावी लागली नाही. नणंदेनं तो बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावला. येणारा माणूस उंबऱ्यावरच थबकतो आणि फोटोला म्हणतो, "हं, बोला."